काइटची हवा कुठून जाते आणि फाटलेलं कापड कधी शिवावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही कोथरूडला राहता. काइटसर्फिंगसाठी, म्हणजे वाऱ्याच्या ओढीने फळीवर उभं राहून पाण्यावर पळायला, बारा चौरस मीटरची, तीन स्ट्रटची (स्ट्रट म्हणजे कापडाला आधार देणाऱ्या फुगवायच्या नळ्या) काइट वापरलेली घेतलीत. नागावच्या किनाऱ्यावर तासाभरात तिची लीडिंग एज, म्हणजे पुढच्या कडेची जाड फुगवलेली नळी, मऊ पडायला लागली. तिच्या आतली हवेची पिशवी, म्हणजे ब्लॅडर, काढून सायकलच्या दुकानातून पंक्चर काढून आणलंत, तर तो पॅच दुसऱ्याच दिवशी सालासारखा सुटला. त्यातच उतरवताना काइट सुरूच्या बनात गेली आणि मधल्या स्ट्रटच्या शेजारी कॅनोपी, म्हणजे वारा धरणारं मुख्य कापड, वीतभर फाटली. हे घरी दुरुस्त होईल का, आणि अशी दुरुस्त केलेली काइट घेऊन समुद्रात जावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

हवेची गळती घरी नक्की दुरुस्त होईल. कापडाचं उत्तर कापड बघूनच देता येतं, त्याची कसोटी पुढे सांगते. समुद्रात नेण्याबद्दल मात्र एका बाबतीत माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ आहे, तेही सांगते.

माझ्या वडिलांचं ताडपत्री शिवायचं दुकान होतं, मशीनवर हात बसला तो तिथे. पुढे कामशेतला उडणाऱ्यांची पॅराग्लायडरची कापडं शिवायला लागले आणि त्यांच्याच ओळखीतून काइट येऊ लागल्या. बारा वर्षं झाली. या काळात माझ्याकडे फसलेल्या अवस्थेत आलेल्या दुरुस्त्यांपैकी बहुतेक पॅच वाईट होता म्हणून फसलेल्या नव्हत्या. कुणी गळती भलत्याच जागी शोधली होती, तर कुणी जागा नीट न पुसता पॅच लावला होता. म्हणून शोधणं आणि पुसणं यावरच मी जास्त लिहिणार आहे. चिकटवण्याचं काम त्या मानाने पाच मिनिटांचं आहे.

फुगवायची काइट मुळात का आली हे लक्षात ठेवलं तर हवेचं महत्त्व कळतं. ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेनू या फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या दोन भावांनी १९८४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पाण्यात पडलेली काइट तरंगत राहावी आणि तिथूनच पुन्हा उठावी, हा त्यांचा हेतू होता. नळ्यांमधली हवा काइटला आकार देते, आणि दोरी तुटली किंवा वारा पडला तर तीच हवा तुम्हाला तरंगत किनाऱ्यावर आणते. लीडिंग एज मऊ पडलेली काइट पाण्यातून उठत नाही. म्हणजे तासाभरात मऊ पडणारी काइट घेऊन किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटर आत जायचं म्हणजे परतीचा तराफा गळका घेऊन जायचं.

आता रचना, कारण पुढचे सगळे नियम तिच्यातूनच निघतात. बाहेरची नळी डेक्रॉनची, म्हणजे जाड आणि न ताणल्या जाणाऱ्या पॉलिएस्टर कापडाची. तिच्या आत ब्लॅडर असतं. ते थर्मोप्लास्टिक पॉलीयुरेथेनचं, ज्याला सगळे टीपीयू म्हणतात, आणि साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं पातळ. दाब पेलतं ते डेक्रॉन, ब्लॅडर फक्त हवा धरून ठेवतं. ब्लॅडरला स्वतःची ताकद जवळजवळ नाही. डेक्रॉनच्या बाहेर ते जोरात फुगवलं तर फुग्यासारखं ताणतं आणि फुटतं. डेक्रॉनला बोटभर फट पडली तरी ब्लॅडर त्या फटीतून फुगा काढून बाहेर येतं आणि तिथेच फुटतं.

पहिलं काम, खरंच गळती आहे का आणि कुठल्या भागात आहे, हे ठरवणं. काइटवर व्हॉल्व्हजवळ दाब छापलेला असतो, बहुतेकांवर ६ ते ८ पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) दरम्यान. तेवढी भरा, स्ट्रटकडे जाणाऱ्या पाइपवरच्या सगळ्या क्लिपा बंद करा आणि रात्रभर ठेवा. पण ही चाचणी घरात करा, गच्चीवर नको. पुण्यात डिसेंबरमध्ये दुपारी ३० अंश असतं आणि पहाटे १२ वर येतं. गेज बाहेरच्या हवेपेक्षा आत जास्तीचा दाब किती आहे तेवढाच दाखवतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे इथला हवेचा दाब १३.७ पीएसआयच्या आसपास. त्यात तुमचे ७ मिळवा, म्हणजे आत एकूण २०.७. तापमान १८ अंशांनी उतरलं की हा एकूण दाब सहा टक्क्यांच्या आसपास घटतो, म्हणजे सव्वा पीएसआय कमी होतो. पहाटे गेज ५.८ च्या जवळ दाखवेल आणि काइटला एकही भोक नसेल. गच्चीवर अशी चाचणी करून ‘गळते’ म्हणून माझ्याकडे आणलेल्या धडधाकट काइट मी परत पाठवल्या आहेत. घरातल्या खोलीत, काल ज्या वेळी भरली त्याच वेळी आज मोजा, म्हणजे तापमान जवळपास सारखं राहतं.

हेच गणित उलटंही चालतं, आणि ते जास्त धोक्याचं आहे. सावलीत ३० अंशांवर ७ पीएसआय भरलेली काइट किनाऱ्यावर उन्हात पडून राहिली आणि नळी ५० अंशांपर्यंत तापली, तर दाब साडेआठच्या जवळ जातो. जुनी शिवण अशा वेळी उसवते. थांबायचं असेल तर थोडी हवा सोडा किंवा काइट सावलीत न्या.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक नळी मुठीत दाबून बघा. क्लिपा बंद असल्यामुळे जी नळी मऊ, गळती तिच्यातच. तुमच्या वर्णनावरून ती लीडिंग एज आहे असं वाटतं, पण ही खात्री करूनच ब्लॅडरला पुन्हा हात लावा. क्लिप नीट न बसल्यामुळे स्ट्रटमधली गळती लीडिंग एजची वाटते, असं अनेकदा होतं. जोडपाइपांवरही साबणाचं पाणी मारा. पाइप वाकून वाकून जिथे चिरतो तिथून हवा जाते, आणि तेवढंच असेल तर पाइप बदलला की काम संपलं. हवा सोडायच्या व्हॉल्व्हचं बूच काढून त्याच्या कडेला वाळूचा कण अडकला आहे का तेही बघा. एका कणाने रात्रभरात अख्खी काइट बसते.

आता एक गोष्ट, जिथे भलेभले चुकतात. साबणाचं पाणी मारल्यावर व्हॉल्व्हच्या बुडाशी बुडबुडे दिसले, की वाटतं व्हॉल्व्ह सुटला. तसं असेलच असं नाही. ब्लॅडरला दोन मीटरवर टाचणीएवढं भोक असलं, तरी तिथून निघालेली हवा ब्लॅडर आणि डेक्रॉन यांच्या मधून सरकत जाते आणि कापडाला जिथे भोक आहे तिथून, म्हणजे व्हॉल्व्हपाशीच बाहेर पडते. बाहेरून एवढंच कळतं की या नळीतून हवा जाते आहे. नेमकी जागा ब्लॅडर बाहेर काढल्यावरच कळते. सायकलवाल्याने बुजवलेलं भोक खरं होतं की नाही, की त्याच्या जोडीला दुसरंही आहे, हेही तेव्हाच कळेल.

ब्लॅडर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा: दोन्ही टोकांची घडी कशी आहे, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या भोकात आहे, पाइप कसे जोडले आहेत. मग पाइप सोडवा, दोन्ही टोकं उघडा. ब्लॅडर ओढायच्या आधी त्याच्या टोकाला एक मजबूत दोरी बांधा, काइटच्या पूर्ण लांबीपेक्षा दोन मीटर जास्त. ब्लॅडर दुसऱ्या टोकाने बाहेर आलं की दोरी नळीत राहते आणि परत घालताना तिनेच ओढून घेता येतं. ही दोरी विसरलेली माणसं नंतर काठ्या, पडद्याचे रॉड असलं काहीतरी आत घालतात आणि नवं ब्लॅडर फाडतात. व्हॉल्व्ह एकेक करून भोकातून आत ढकला, मगच ओढा. अडकलं तर जोर लावू नका, कुठला तरी व्हॉल्व्ह अजून बाहेर आहे.

हॉलमध्ये फरशी पुसून घ्या, त्यावर स्वच्छ चादर पसरा. ब्लॅडर फक्त गोल होईपर्यंत फुगवा, सुरकुत्या गेल्या की थांबा. पुण्याच्या घरात बाथटब क्वचितच असतो आणि त्याची गरजही नाही. कपडे भिजवायचा मोठा टब किंवा घमेलं घ्या आणि ब्लॅडर हातभर हातभर पुढे सरकवत पाण्याखाली दाबत जा. घाई करू नका, बारीक भोकातून बुडबुडा यायला पाच-दहा सेकंद लागतात. व्हॉल्व्हची बुडं आणि कडेची वेल्ड केलेली शिवण यांवर जास्त वेळ थांबा. भोक सापडलं की ती जागा पुसून पर्मनंट मार्करने खूण करा, पण मोठं वर्तुळ काढा, सहा-सात सेंटिमीटरचं. भोकालगत काढलेली खूण पुढे अल्कोहोलने पुसताना निघून जाते आणि मग भोक परत शोधत बसावं लागतं. एक सापडलं म्हणून थांबू नका. शेवटपर्यंत जा. सराट्याचा काटा किंवा खडकावरचं कालव लागलं असेल तर समोरासमोर दोन भोकं असतात.

सायकलचा पॅच का सुटला? सायकलची नेहमीची ट्यूब ब्यूटिल रबराची असते. पंक्चरवाल्याचं सोल्युशन रबराशी एकजीव होतं, म्हणून तो पॅच वर्षानुवर्षं टिकतो. टीपीयू रबर नाही. त्यावर ते सोल्युशन नुसतं सुकून बसतं. दुकानदाराचं काम चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याने त्याची पद्धत चोख वापरली, पण पदार्थ वेगळा होता. एक काळजी मात्र आहे. पॅच लावण्याआधी त्याने तिथे कानस किंवा पॉलिश पेपर फिरवला असणार. मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं पातळ ब्लॅडर त्याने आणखी पातळ होतं. ती जागा उजेडासमोर धरून बघा. खरवडलेला भाग धुरकट दिसेल. नवा पॅच त्या संपूर्ण भागाला झाकेल एवढा मोठा लावा. सुकलेलं सोल्युशन अंगठ्याने चोळून गोळ्या करत काढा. पेट्रोल, थिनर लावू नका, टीपीयू मऊ होऊन कायमचं बिघडतं. पाण्याचे पाइप जोडायचं सोल्व्हंट सिमेंटही त्याच कारणाने नको. क्षणात चिकटणारा गोंद सुकल्यावर काचेसारखा कडक होतो, आणि ब्लॅडर दर वेळी घडी होतं, त्यामुळे गोंदाच्या कडेने नवी चीर जाते.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळतात तिथे मिळेल, कारण सर्किट बोर्ड पुसायला तेच वापरतात. हाताचा सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा पातळ थर मागे राहतो. आधी गोड्या पाण्याने मीठ धुवा, पूर्ण वाळवा, मग न भुरभुरणाऱ्या सुती कापडाने दोनदा अल्कोहोल फिरवा. दुसऱ्या वेळी कापडाचा नवा भाग घ्या. दहा मिनिटं थांबा. त्यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल पॅचला पुरतं. पावसाळ्यात हे काम करत असाल तर पंख्याखाली जास्त वेळ वाळवा.

पॅच म्हणून पारदर्शक, स्वतः चिकटणारा टीपीयूचा पॅच घ्या किंवा टेअर-एड नावाचा तयार चिकट पॅच, त्यातला ‘ए’ प्रकार. ‘बी’ प्रकार व्हिनाइलसाठी असतो, इथे उपयोगाचा नाही. हल्ली सायकलच्या टीपीयू ट्यूब मिळतात, त्यांच्यासोबत येणारे चिकट पॅच टाचणीएवढ्या भोकाला चालतात, म्हणजे सायकलच्याच दुकानात, पण वेगळी वस्तू मागायची. भोकाच्या भोवती सगळीकडून किमान दोन-अडीच सेंटिमीटर पॅच यायला हवा आणि त्याचे कोपरे कात्रीने गोल करायचे. चौकोनी कोपरा घडी घालताना आधी उचलतो. ब्लॅडर सपाट, न ताणता, सुरकुती न पाडता टेबलावर ठेवा. पॅच मधून कडेकडे दाबत लावा, मग चमच्याच्या पाठीने दोन-तीन मिनिटं घासा. एक दिवस तसंच राहू द्या.

भोक वेल्डच्या शिवणीवर असेल तर पॅच तिथे दुमडून बसत नाही. तिथे ॲक्वासील किंवा स्टॉर्मशुअरसारखा लवचिक युरेथेन गोंद पातळ लावायचा आणि चोवीस तास वाळू द्यायचा. शिवणच लांबवर उघडली असेल, किंवा चीर बोटभरापेक्षा मोठी असेल, तर नवं ब्लॅडर मागवा. इस्त्रीने टीपीयू वेल्ड करायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते शक्य आहे, मी करते, पण हात बसेपर्यंत मी किती ब्लॅडर वितळवली ते मला माहीत आहे. एकुलत्या एक ब्लॅडरवर हा प्रयोग करू नका.

आणि गळती खरंच व्हॉल्व्हच्या बुडाशी निघाली तर? पुण्यात हे फार दिसतं, आणि कारण जवळपास नेहमी गाडीची डिकी. एप्रिलमध्ये शहर चाळिशीला टेकतं, उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. व्हॉल्व्हखालचा गोंद त्या उष्णतेने चिक होतो आणि बूड कडेने सुटतं. नुसती कड उचलली असेल तर ती पुसून युरेथेन गोंदाने बसवता येते. अर्ध्याहून अधिक सुटलं असेल तर अख्खा व्हॉल्व्ह बदला. हेअर ड्रायरने कोमट करत जुना सावकाश सोलून काढा, जागा वर सांगितली तशी पुसा. ब्लॅडरच्या आत भोकाखाली बटर पेपरचा तुकडा सरकवा, नाहीतर समोरची बाजूही चिकटते. नव्या चिकट व्हॉल्व्हचं भोक ब्लॅडरच्या भोकावर बरोबर धरून एकदाच टेकवा, कारण परत उचलला तर गोंद गेला. मग वर जड पुस्तकं रचून एक दिवस ठेवा. शेवटी बटर पेपर व्हॉल्व्हच्या तोंडातून चिमट्याने काढून घ्या आणि कडेला उघडा राहिलेला गोंद टाल्कम पावडरने मारा.

ब्लॅडर परत घालताना ते पूर्ण रिकामं करा, लांबीत पट्टीसारखी घडी घाला आणि सगळीकडे टाल्कम पावडर चोळा. मग दोरीने हळूहळू ओढा, दुसऱ्या माणसाने मागून भरवत यावं. माझ्या घरी हे काम आई करते, तिचा हात माझ्याहून हलका आहे. व्हॉल्व्ह भोकातून बाहेर काढा. एखादा व्हॉल्व्ह तिरका बसत असेल तर ब्लॅडरला पीळ पडला आहे. टोकं फोटोत होती तशीच दुमडा. नळीच्या टोकापर्यंत ब्लॅडर पोचलं नाही तर दाब वाढल्यावर ते तिकडे ताणलं जातं आणि फुटतं. आधी थोडी हवा भरा, नळी हाताने थोपटत जा, सोडा, परत भरा. असं दोन-तीनदा केलं की ब्लॅडर आपल्या जागी बसतं. मग ३ पीएसआयवर काही तास, आणि सगळं सरळ दिसलं तरच पूर्ण दाब. यानंतर वर सांगितलेली रात्रभराची चाचणी पुन्हा.

आता कॅनोपी. हे रिपस्टॉप पॉलिएस्टरचं पातळ कापड असतं, बारीक चौकटींचं. दुरुस्तीआधी त्यात जीव आहे का बघायचं. कापड सगळ्यात आधी उन्हाने मरतं, समुद्राने नव्हे. फाटलेल्या जागेच्या टोकाशी दोन्ही बाजू चिमटीत धरून हलकेच वेगळ्या करा. धागे विरोध करत असतील, जोर लावल्याशिवाय चीर पुढे जात नसेल, तर कापड जिवंत आहे. जुन्या वर्तमानपत्रासारखी चीर सहज पुढे पळाली, तर नवी टेप लावून उपयोग नाही, पुढच्या वेळी टेपच्या कडेलगत फाटेल. काइट वापरलेली घेतली असल्यामुळे हीच कसोटी मागच्या कडेच्या मधल्या भागातही हलक्या हाताने करा. तिथलं कापड फडफडून सगळ्यात आधी थकतं. तिथेही मेलेलं निघालं, तर खरं सांगते, त्या काइटवर पैसे घालू नका. तिची ब्लॅडर, पाइप, ब्राइडल (लीडिंग एजला बांधलेल्या दोऱ्या) सुटे भाग म्हणून ठेवा.

जिवंत असेल तर पुढे चला. नखाएवढी भोकं आणि दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच्या चिरा शिवायच्या नसतात. दोन्ही बाजूंनी चिकट रिपस्टॉप टेप, ज्याला शिडाच्या बोटीवाले स्पिनेकर टेप म्हणतात, कोपरे गोल करून लावायची. ती वर्षानुवर्षं राहते. तुमची चीर वीतभराची आहे आणि स्ट्रटच्या शेजारी आहे, जिथे कापडावर ताण जास्त. तिला टेप आणि शिवण दोन्ही लागेल.

काइट गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. मीठ राहिलं तर ते दमट हवेत पाणी ओढतं आणि टेप आतून सुटते. जेवायच्या टेबलावर फाटलेला भाग सपाट पसरा. काइटला गोलाई असते म्हणून सगळी काइट सपाट होणार नाही, तेवढाच भाग होऊ द्या. दोन्ही कडा जवळ आणा आणि रिपस्टॉपच्या चौकटी एका रेषेत जुळवा. हेच या कामाचं मर्म आहे. हे कापड उभ्याआडव्या धाग्यात ताणत नाही, तिरकं मात्र ताणतं. चौकटी दोन मिलिमीटर सरकल्या तर हवेत तिथे कायमची सुरकुती राहते आणि काइट एका बाजूला ओढते. जुळल्या की एका बाजूने कागदी मास्किंग टेपने धरून ठेवा. दुसरी बाजू अल्कोहोलने पुसून चिकट टेप लावा, चिरेच्या दोन्ही टोकांपुढे तीन सेंटिमीटर जाईल अशी. काइट उलटा, मास्किंग टेप काढा, त्या बाजूलाही तसंच. सुटलेले धागे कापू नका, जागच्या जागी झोपवून टेपखाली घ्या.

शिवणीसाठी झिगझॅग मशीन हवं. सरळ टाका ताण आला की भोकाभोकाने फाटत जातो, टपाल तिकिटासारखा. घरी झिगझॅग मशीन नसेल तर साडीला फॉल-पिको करणाऱ्या बाईंकडे जा. पिकोचं मशीन झिगझॅगच असतं, आणि सरकतं कापड हाताळण्यात त्यांचा हात आपल्यापेक्षा कितीतरी चांगला असतो. फक्त पॉलिएस्टरचा दोरा आणि नवी, बारीक सुई तुम्ही घेऊन जा. सुती दोरा सडतो, नायलॉनचा उन्हात लवकर जातो. टाका तीन मिलिमीटरच्या आसपास ठेवायला सांगा, पिकोइतका दाट नको, दाट टाक्याने कापडाची चाळण होते. टेपच्या दोन्ही कडांना आतून एकेक ओळ, बस. टेपच्या गोंदाने सुई चिकट झाली की अल्कोहोलने पुसायची. ताडपत्री किंवा बॅगा शिवणाऱ्यांकडे मात्र देऊ नका. माझ्या वडिलांच्याच मशीनवरून सांगते, त्या सुईचं भोक या कापडासाठी फार मोठं असतं.

शिवण स्ट्रटच्या नळीपर्यंत पोचत असेल तर आधी त्या स्ट्रटचं ब्लॅडर काढून घ्या. ब्लॅडर आत असताना एक टाका जरी नळीत गेला तरी दोन भोकं पडतात.

छत्रीचं किंवा पॅराग्लायडरचं जुनं कापड ठिगळ म्हणून चालेल का, असं बरेच जण विचारतात. पॅराग्लायडरचं कापड सहसा नायलॉनचं असतं, ओलं झालं की ते ताणतं आणि भोवतालचं पॉलिएस्टर ताणत नाही. किनाऱ्यावर दिवस निभावायला ठीक, कायमसाठी नाही.

ज्या बाबतीत माझं उत्तर ‘नाही’ आहे, ती बाब म्हणजे लीडिंग एजचं डेक्रॉन. तुम्ही त्याबद्दल विचारलेलं नाही, पण सुरूच्या फांदीत गेलेल्या काइटच्या डेक्रॉनला चीर पडलेली नसेलच असं नाही, म्हणून पूर्ण लांबी बोटाने तपासा. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे अशी एक काइट आली होती. डेक्रॉनला जेमतेम चार सेंटिमीटरची चीर. मालकाला दुसऱ्या दिवशी अलिबागला जायचं होतं. शिवायचं तर लीडिंग एजची शिवण उसवून नळी उघडावी लागली असती, दीड दिवसाचं काम. मी आतून-बाहेरून जाड चिकट डेक्रॉन लावलं, घरी रात्रभर ७ पीएसआयवर ठेवलं, टिकलं. दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात, पाण्यात असताना, गोंद सरकला, ब्लॅडर फटीतून बाहेर आलं आणि फुटलं. लीडिंग एज गेली. त्याने उतरण्याआधी स्ट्रटच्या क्लिपा बंद केल्या होत्या म्हणून तीन स्ट्रट हवा धरून होते. त्यांना धरून तो पाऊण तासाने किनाऱ्याला लागला. संध्याकाळी त्याने फोन केला तेव्हा आवाजात राग नव्हता, थकवा होता. चूक पूर्णपणे माझी होती. चाचणी घरातल्या सावलीत झाली होती आणि काम उन्हात करायचं होतं, हे मला कळायला हवं होतं.

तेव्हापासून डेक्रॉनची दुरुस्ती मी शिवल्याशिवाय बाहेर देत नाही, कुणी कितीही घाईत असलं तरी. चिरेपलीकडे सगळीकडून चार-पाच सेंटिमीटर जाणारं डेक्रॉनचं ठिगळ, झिगझॅगच्या दोन ओळी, आणि उसवलेली मुख्य शिवण परत जुन्याच भोकांच्या रेषेत. हे घरी करू नका. डेक्रॉनवर चीर सापडली, किंवा मुख्य शिवणीचे टाके कुठे तुटलेले दिसले, तर काइट शिवणाऱ्या माणसाकडे पाठवा आणि तोवर ती पाण्यात नेऊ नका, किनाऱ्यालगतसुद्धा नाही.

डेक्रॉन शाबूत असेल, ब्लॅडरवर एक-दोन नीट बसलेले पॅच असतील आणि कॅनोपीची शिवण वर सांगितल्यासारखी झाली असेल, तर ती काइट समुद्रात न्यायला माझी हरकत नाही. पहिल्या दिवशी मात्र नागावला भरती-ओहोटीची वेळ बघून, वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे तिरका येत असताना जा. फेब्रुवारी ते मे दुपारनंतर तिथे तसा वायव्येचा वारा मिळतो. काइट भरून अर्धा तास वाळूवरच ठेवा, वर थोडी वाळू टाकून म्हणजे उडणार नाही, आणि मग लीडिंग एज मुठीत दाबून बघा. क्लिपा बंद आहेत हे एकेक बोट लावून तपासा. पहिला तास कमरेइतक्या पाण्यापलीकडे जाऊ नका, सोबत कुणीतरी किनाऱ्यावर असू द्या. तासाने बाहेर या, परत दाबून बघा, शिवणीच्या दोन्ही टोकांशी कापड पांढुरकं पडलं आहे का, टाक्यांची भोकं लांबट झाली आहेत का ते बघा. काहीच बदललेलं नसेल तर पुढच्या खेपेला थोडं आत जा. आणि परतताना काइट ओली असली तरी डिकीत बांधून तशीच पुण्यापर्यंत आणू नका. पेण-खोपोलीच्या वाटेवर जेवायला थांबाल तेव्हा गाडी सावलीत लावा, घरी आल्यावर त्याच रात्री ती उघडून पंख्याखाली पसरा.